तीन विद्यापीठांचा पाया घालणारे कुलगुरू : हेन्री मार्शल टोरी

हिमगौरी (एडमंटन)

नऊ वर्षं मी जवळजवळ रोज एका इमारतीतून जाते. कॅनडातल्या एडमंटनच्या अल्बर्टा विद्यापीठाच्या आवारातली टोरी बिल्डिंग. तिला लागूनच व्याख्यानगृहांची एक बसकी इमारत आहे, तिला इथली मुलं 'टर्टल' म्हणतात. हिवाळ्यात पारा उणे पंचवीसवर गेला की बसथांब्यापासून ग्रंथालयापर्यंत सलग चालवत नाही. मग मी टोरीच्या दारातून आत शिरते, चष्म्यावर धरलेली वाफ पुसते, हातमोजे चोळते आणि पलीकडच्या दाराने बाहेर पडते. इतकी वर्षं हे नाव डोळ्यांखालून जात होतं, पण हे टोरी कोण, हे कधी विचारलं नाही. मागच्या हिवाळ्यात एकदा शोधायला बसले आणि त्यांच्या आयुष्यात अडकूनच गेले. मराठीत त्यांच्यावर काही सापडलं नाही, म्हणून हा धागा.

हेन्री मार्शल टोरी १८६४ साली कॅनडाच्या पूर्व टोकाला, नोव्हा स्कोशियातल्या गाइजबरो भागात जन्मले. घर शेतकऱ्याचं. आधी शाळामास्तरकी केली, मग माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात गणित आणि भौतिकशास्त्र शिकले. धर्मशास्त्रही शिकले, काही काळ मेथडिस्ट चर्चमध्ये प्रवचनं दिली आणि १८९३ मध्ये गणित शिकवायला मॅकगिललाच परत आले. सरळ मार्गाने गेले असते तर एक चांगले प्राध्यापक म्हणून तिथूनच निवृत्त झाले असते.

पण १९०५-०६ मध्ये मॅकगिलच्या वतीने ते व्हँकुव्हरला गेले. तिकडे तेव्हा विद्यापीठ नव्हतं. मॅकगिलची शाखा म्हणून एक कॉलेज सुरू करून द्यायचं, एवढंच काम होतं. ते कॉलेज १९०६ मध्ये सुरू झालं आणि १९१५ मध्ये त्याच्याच खांद्यावर ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठ उभं राहिलं. याच दौऱ्यांत वाटेवर अल्बर्टा लागायचं. हा प्रांत १९०५ मध्ये नुकताच जन्माला आलेला, १९०६ च्या जनगणनेत माणसं जेमतेम १ लाख ८५ हजार. पहिले प्रीमियर (म्हणजे मुख्यमंत्री) अलेक्झांडर रदरफोर्ड स्वतः मॅकगिलचे विद्यार्थी. रस्ते व्हायच्या आधी विद्यापीठ व्हावं, असं वाटणारा हा राजकारणी, आणि कोऱ्या जमिनीवर विद्यापीठ कसं काढायचं याचा विचार करत असलेला हा गणिताचा प्राध्यापक. दोघांचं जमलं. १९०८ च्या सुरुवातीला टोरी अल्बर्टा विद्यापीठाचे पहिले प्रेसिडेंट झाले.

तेव्हा विद्यापीठ म्हणजे नदीकाठची २५८ एकर झुडपाची जमीन, बस. इमारत नाही, विद्यार्थी नाही, एकही प्राध्यापक नाही. टोरी त्या उन्हाळ्यात माणसं शोधायला पूर्वेकडे गेले. हार्वर्डला एडमंड ब्रॉडस नावाच्या तरुण इंग्रजीच्या अध्यापकाला गाठलं. ब्रॉडसने पुढे लिहून ठेवलंय की, अजून अस्तित्वातच नसलेल्या विद्यापीठाचा अध्यक्ष, ज्या प्रांताचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं तिथून, जो देश मी पाहिलेला नव्हता तिथून आला आणि मला प्राध्यापकी देऊ लागला. निव्वळ वेडेपणा वाटला. पण मी होकार दिला तो त्या जागेला किंवा पगाराला नव्हे, त्या माणसाला.

हे वाचून मी थांबलेच. टोरींचं सगळं काम मला या एका प्रसंगात दिसतं. त्यांच्याकडे द्यायला काही नव्हतं, तरी माणसं आली.

२३ सप्टेंबर १९०८ ला एडमंटनसमोर, नदीपलीकडच्या स्ट्रॅथकोनातल्या (तेव्हा ते वेगळं गाव होतं) एका शाळेच्या वरच्या मजल्यावर वर्ग भरले. विद्यार्थी ४५. त्यांत पहिल्या दिवसापासून मुलीही होत्या. ती शाळा, क्वीन अलेक्झांड्रा, अजून उभी आहे, माझ्या घरापासून बसने पंधरा मिनिटांवर. त्याच वर्षीच्या पहिल्या पदवी-समारंभात टोरींनी विद्यापीठाचं अंतिम ध्येय सांगितलं ते असं : सगळ्या लोकांची उन्नती. वरच्या मजल्यावर ४५ मुलं घेऊन बसलेला माणूस साऱ्या प्रांताबद्दल बोलत होता! आणि नुसता बोलला नाही. १९१२ मध्ये त्यांनी विस्तार विभाग काढला. पुस्तकांच्या पेट्या आगगाडीने खेड्यापाड्यांत जायच्या, वाचून झाल्या की परत यायच्या. व्याख्याते जादूचा कंदील (पडद्यावर चित्रं पाडणारा दिवा) आणि काचेच्या चित्रपट्ट्या घेऊन गावोगावच्या सभागृहांत जायचे. १९२७ मध्ये याच विभागाने सीकेयूए हे रेडिओ केंद्र सुरू केलं, ते आजही चालू आहे, सकाळी स्वयंपाक करताना मी ऐकते.

पहिलं महायुद्ध, राजधानी ओटावातली वर्षं आणि शेवटचं कार्लटन कॉलेज हे सगळं अजून राहिलंय. दमले आता. उद्या पुढचं लिहिते. कुणाला माहिती असेल तर जरूर भर घाला.


गोदाकाठ

हिमगौरी, फार मन लावून लिहिलंय. मी ३१ वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवला, त्यामुळे असं काही वाचलं की प्रश्न सुचतात. प्रेसिडेंट म्हणजे आपले कुलगुरू की कुलपती? आणि सरकारच्या पैशावर चालणाऱ्या विद्यापीठात हे पद सरकारच्या मर्जीवर असायचं का? कारण रदरफोर्ड गेले की टोरीही जाणार, असं व्हायला हवं होतं.


हिमगौरी

गोदाकाठ सर, नेमका तोच प्रसंग आला होता. आधी पदाचं सांगते. इथे चान्सलर म्हणजे मानाचं पद, आपल्या कुलपतींसारखं, पण राज्यपाल आपोआप त्या खुर्चीवर बसत नाहीत. प्रेसिडेंट हाच बहुतेक ठिकाणी व्हाइस-चान्सलरही असतो, म्हणजे आपले कुलगुरू. म्हणून शीर्षकात तोच शब्द घेतला.

रदरफोर्डना १९१० मध्ये एका रेल्वे कंपनीच्या कर्जहमीच्या भानगडीवरून राजीनामा द्यावा लागला. विद्यापीठाचा पाठीराखाच गेला. पण त्याच वर्षी नवा विद्यापीठ कायदा झाला आणि कारभाराची दोन अंगं वेगळी झाली. पैसा, जमीन, नेमणुका हे नियामक मंडळाकडे आणि अभ्यासक्रम, परीक्षा, पदव्या हे सिनेटकडे. टोरंटो विद्यापीठाच्या १९०६ च्या कायद्याचा हा नमुना. मंत्र्याने उठावं आणि प्राध्यापक नेमावा, याला त्यामुळे आळा बसला. टोरी पुढे १९२८ पर्यंत, म्हणजे वीस वर्षं, त्या पदावर राहिले. तेवढ्यात प्रांतात सत्ता दुसऱ्या पक्षाकडेही गेली. आणि रदरफोर्ड १९२७ मध्ये त्याच विद्यापीठाचे चान्सलर म्हणून परत आले. त्यांचं घर आजही आवारात जपलेलं आहे.


चिनूकवारा

कॅल्गरीकर (अल्बर्टातलंच आणखी एक मोठं शहर) म्हणून माझा आवाज वेगळा असणार, रागावू नका. आमच्याकडे टोरींचं नाव इतक्या प्रेमाने घेत नाहीत. राजधानी एडमंटनला गेली, तेव्हा विद्यापीठ तरी आपल्याला मिळेल असं कॅल्गरीला वाटत होतं. रदरफोर्डनी ते स्ट्रॅथकोनाला नेलं, जो त्यांचाच मतदारसंघ. कॅल्गरीच्या लोकांनी मग वर्गणी काढून १९१२ मध्ये स्वतःचं कॉलेज सुरू केलं. त्याला पदव्या द्यायचा अधिकार हवा होता, तो कधीच मिळाला नाही. सरकारने तीन विद्यापीठांच्या प्रमुखांची समिती नेमली, तिने प्रांताला एकच विद्यापीठ पुरे असं सांगितलं आणि कॅल्गरीला तंत्रशिक्षणाची संस्था द्यायची शिफारस केली. ती १९१६ मध्ये निघाली. वर्गणीचं कॉलेज १९१५ मध्येच मिटलं होतं. आम्हाला स्वतंत्र विद्यापीठ मिळायला १९६६ उजाडलं.

एकच विद्यापीठ हवं हा टोरींचा हट्ट होता. पैसा थोडा असताना दोन दुबळी विद्यापीठं काढू नयेत, हे म्हणणं मला कळतं. तरी पन्नास वर्षं आमच्या शहरातल्या गरीब घरच्या मुलांना शिकायला तीनशे किलोमीटरवर जावं लागलं. 'सगळ्या लोकांची उन्नती' म्हणताना तेही मोजायला हवं.


हिमगौरी

चिनूकवारा, रागावण्यासारखं काहीच नाही. हे मला माहीत असूनही मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नाही, ते चुकलंच. पुस्तकांच्या पेट्या सगळीकडे गेल्या, पण पदवी मात्र एकाच गावात मिळायची.

आता पुढचं. पहिल्या महायुद्धात कॅनडाचे लाखो सैनिक इंग्लंड-फ्रान्समध्ये होते. कुणी कॉलेज सोडून गेलेला, कुणी शेतावरून उठून गेलेला, कुणाला धड लिहिता-वाचता येत नाही. वायएमसीए ही ख्रिस्ती युवकांची संघटना आणि लष्करी पाद्री यांनी छावण्यांमध्ये छोटे वर्ग सुरू केले होते. फ्रान्सच्या आघाडीवर एडमंड ऑलिव्हर या सस्कॅचवानच्या पाद्र्याने तर त्याला 'विमी रिज विद्यापीठ' नाव दिलं होतं. या विखुरलेल्या प्रयत्नांचं काय करता येईल ते पाहायला टोरींना १९१८ मध्ये बोलावलं. त्यांनी अहवाल लिहिला, आणि मग त्यांनाच कर्नलचा हुद्दा देऊन सगळं चालवायला सांगितलं. यालाच खाकी विद्यापीठ म्हणत. अक्षरओळखीपासून शेती, व्यापार, यंत्रकाम आणि थेट पदवीच्या अभ्यासापर्यंतचे वर्ग. यॉर्कशायरमध्ये रिपन इथे त्याचं मोठं केंद्र होतं. सुमारे ५० हजार सैनिकांनी या वर्गांचा लाभ घेतला आणि कॅनडातल्या विद्यापीठांनी त्या अभ्यासाला मान्यता दिली.

युद्ध संपल्यावर याची किती गरज होती ते पाहा. घरी जायला जहाजं नाहीत, थंडी, फ्लू आणि दिवसभर हाताला काम नाही. मार्च १९१९ मध्ये वेल्समधल्या किनमेल पार्क छावणीत दंगल होऊन पाच कॅनडियन सैनिक मेले. चार वर्षं खंदकांत काढून घरी निघालेली ती पोरं. एका छावणीत असं होत असताना दुसऱ्या छावणीत तशीच पोरं बीजगणित शिकत बसली होती.

टोरी तिकडे असताना इथे एडमंटनला फ्लूने कहर केला. मुलींच्या पेंबिना हॉल वसतिगृहाचं रुग्णालय झालं. विद्यापीठाच्या पहिल्या चार प्राध्यापकांपैकी एक, स्थापत्य शिकवणारे विल्यम म्यूर एडवर्ड्स, तिथे रुग्णसेवेला गेले, आजारी पडले आणि नोव्हेंबर १९१८ मध्ये वारले. त्यांची आई हेन्रिएटा म्यूर एडवर्ड्स. कायद्याने स्त्री ही 'व्यक्ती' आहे हे १९२९ मध्ये मान्य करून घेणाऱ्या पाच जणींपैकी एक. पेंबिना हॉलवरून जाताना आता मला ते आठवल्याशिवाय राहत नाही.


रानजाई

मी वाचनमात्र असते, पण आज लिहावंसं वाटलं. वयाच्या नवव्या वर्षापासून मला टाइप १ मधुमेह आहे. कोल्हापूरला आमच्या फ्रिजच्या दारात अंड्यांच्या कप्प्यात इन्सुलिनची कुपी असायची, आणि वीज गेली की आई पहिल्यांदा फ्रिज उघडू नका म्हणून ओरडायची. मातीच्या माठाजवळ ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली कुपीही मला आठवते.

इन्सुलिन म्हटलं की बँटिंग आणि बेस्ट. पण पहिला अर्क ११ जानेवारी १९२२ ला टोरंटोत लेनर्ड थॉम्पसन या मुलाला टोचला तेव्हा तो नीट लागू पडला नव्हता, गळूही झालं. मग तो अर्क शुद्ध करून दिला जेम्स कॉलिप यांनी. त्यानंतर २३ जानेवारीला दिलेल्या इंजेक्शनने साखर उतरली. आणि हे कॉलिप होते अल्बर्टा विद्यापीठाचे! १९१५ पासून तिथे शिकवत होते, त्या वर्षी रजा घेऊन टोरंटोला गेले होते. १९२३ चं नोबेल बँटिंग आणि त्यांच्या प्रयोगशाळेचे प्रमुख मॅक्लाउड यांना मिळालं, मॅक्लाउडनी आपल्या वाट्यातले अर्धे पैसे कॉलिपना दिले.

म्हणजे ज्या विद्यापीठात सात वर्षांपूर्वी काही नव्हतं, तिथे १९१५ मध्ये टोरींनी एक बावीस-तेवीस वर्षांचा जीवरसायनवाला नेमला. मला माझ्या रोजच्या सुईचा हा धागा ठाऊक नव्हता. हिमगौरी, तुमच्यामुळे शोधला.


हिमगौरी

रानजाई, काय लिहू? आईंचं 'फ्रिज उघडू नका' वाचून डोळ्यांत पाणी आलं.

कॉलिपसारखाच दुसरा माणूस कार्ल क्लार्क. अल्बर्टाच्या उत्तरेला वाळूत डांबरासारखं तेल मिसळलेलं आहे, ते वेगळं कसं करायचं हे कुणाला जमत नव्हतं. टोरींनी १९२० मध्ये क्लार्कना आणलं आणि प्रांताची संशोधन परिषद उभी केली. क्लार्कनी गरम पाण्याने ती वाळू धुऊन तेल वर तरंगवलं. त्यांची पहिली यंत्रणा विद्यापीठाच्या वीजघराच्या तळघरात होती. अल्बर्टाची आजची श्रीमंती तिथून निघाली. त्या तेलाने नद्यांचं आणि हवेचं काय केलं हा वेगळा आणि मोठा विषय आहे.


शमीवृक्ष

टोरींना माणसं पारखता यायची असं सगळे म्हणताहेत, म्हणून एक नाव पुढे ठेवतो. जॉन मॅकेक्रन. टोरींनी अगदी सुरुवातीला, १९०९ मध्ये, आणलेले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. विद्यापीठाचे प्रोव्होस्ट, म्हणजे कारभारातले एक वरिष्ठ अधिकारी. विद्वान माणूस.

१९२८ मध्ये अल्बर्टात सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला. 'मतिमंद' ठरवलेल्या माणसांना मूल होऊ नये म्हणून. त्यासाठी नेमलेल्या मंडळाचे अध्यक्ष १९२९ ते १९६५, म्हणजे छत्तीस वर्षं, हेच मॅकेक्रन होते. सुमारे २,८०० माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत बायका जास्त, आदिवासी आणि मेटी (आदिवासी-युरोपीय मिश्र वंशाचे) लोक त्यांच्या संख्येच्या मानाने कितीतरी जास्त. कायदा १९७२ मध्ये रद्द झाला. लेलानी म्यूर यांनी सरकारवर खटला भरला आणि १९९६ मध्ये जिंकला. चौदाव्या वर्षी त्यांची नसबंदी झाली होती आणि त्यांना सांगितलं होतं की अपेंडिक्स काढतोय.

टोरी १९२८ मध्ये एडमंटन सोडून गेले, मंडळाच्या कामात त्यांचा हात होता असं मी म्हणत नाही. पण मी विशेष मुलांबरोबर काम करतो, माझ्या वर्गात अशी अकरा मुलं आहेत, त्या काळात तिथे असती तर त्या मंडळापुढे उभी केली असती अशी. लेलानीचं नाव घेतल्याशिवाय मला या विद्यापीठाच्या पहिल्या पिढीचं कौतुक वाचवत नाही.


गोदाकाठ

शमीवृक्ष, हे लिहिल्याबद्दल आभार. धाग्यात हे हवंच होतं.


हिमगौरी

शमीवृक्ष, दोन दिवस काही लिहिलं नाही. मॅकेक्रनचं नाव मी वाचलं होतं, 'पहिल्या फळीतले प्राध्यापक' एवढंच धरून पुढे गेले होते. त्यांच्या नावाचं व्याख्यान आणि पारितोषिक होतं, ते विद्यापीठाने १९९० च्या दशकात, लेलानी म्यूर यांच्या निकालानंतर बंद केलं. मी ज्या प्रसंगावर भाळले, तो ब्रॉडसचा, माणूस पाहून होकार देण्याचा, तो अजूनही मला तेवढाच खरा वाटतो. पण ज्या हातांनी कॉलिपना उचललं त्याच हातांनी मॅकेक्रननाही उचललं, हे आता मला वेगळं काढता येत नाही. काढूही नये. मूळ पोस्टमध्ये तुमचा प्रतिसाद जोडायची विनंती संपादकांना केली आहे.

ओटावाचा भाग कुणी लिहील का? मी तिकडे एकदाच गेलेय.


दवबिंदू (ओटावा)

मी लिहिते, कारण शेवटच्या संस्थेची मी विद्यार्थिनी आहे.

१९२३ पासून टोरी राष्ट्रीय संशोधन परिषदेचे प्रमुख होते, अल्बर्टाचं काम सांभाळून. १९२८ मध्ये ते पूर्णवेळ ओटावाला आले. परिषद १९१६ ची, पण तिला स्वतःच्या प्रयोगशाळाच नव्हत्या. टोरींनी पिच्छा पुरवून ससेक्स ड्राइव्हवर, रिडो धबधब्याच्या शेजारी, खांबांची मोठी दगडी इमारत उभी करून घेतली. १९३२ मध्ये, ऐन मंदीत, ती उघडली. लोक तिला 'विज्ञानमंदिर' म्हणायचे. १९३५ मध्ये परिषद जनरल मॅकनॉटन यांच्याकडे गेली. टोरी तेव्हा ७१ वर्षांचे.

आणि मग १९४२. दुसरं महायुद्ध चालू. सरकारी कचेऱ्यांत काम करायला देशभरातून तरुण मुलं-मुली ओटावात आलेली. दिवसभर टंकलेखन, नोंदी, फायली. शाळा अर्धवट सुटलेली, पुढे शिकायची इच्छा असलेली. शहरात कॅथलिक चर्चचं विद्यापीठ होतं, पण कुठल्याही पंथाशी न जोडलेलं आणि नोकरी करून शिकता येईल असं काही नव्हतं. ७८ वर्षांचे टोरी कार्लटन कॉलेजचे पहिले प्रेसिडेंट झाले. स्वतःची इमारत नाही, उसन्या खोल्या, संध्याकाळचे वर्ग. म्हणजे १९०८ सारखंच पुन्हा पहिल्यापासून! युद्धावरून परतलेले सैनिक आले तसं कॉलेज वाढलं, १९४६ मध्ये पहिल्या पदव्या दिल्या, पत्रकारितेच्या आणि लोकप्रशासनाच्या. टोरी ६ फेब्रुवारी १९४७ ला वारले, पदावर असतानाच. १९५७ मध्ये कॉलेजचं कार्लटन विद्यापीठ झालं.

मी ४३ वर्षांची आहे. दोन मुलं, दिवसा नोकरी, आणि मंगळवारी संध्याकाळी सहाला लोकप्रशासनाचा वर्ग. डब्यात पोळीचा लाडू नेते, कारण जेवायला वेळ नसतो. माझ्या शेजारी बसचालक असलेले एक गृहस्थ बसतात, गणवेशातच येतात. आमच्या आवारातही टोरींच्या नावाची इमारत आहे, हिमगौरी. मीही तिच्यासमोरून चार वर्षं नुसती जात होते.


चिनूकवारा

दवबिंदू, संध्याकाळच्या वर्गाला शुभेच्छा. ७८ व्या वर्षीचं वाचून माझा कॅल्गरीचा राग थोडा उतरला, सगळा नाही.


रानजाई

बसचालक काका काय शिकताहेत?


दवबिंदू

इतिहासाची पदवी करताहेत, या वर्गाला एक ऐच्छिक विषय म्हणून येतात. सातवं वर्ष आहे त्यांचं, दर सत्रात एकच विषय घेतात. अजून दोन राहिलेत म्हणाले.


हिमगौरी

काल दुपारी क्वीन अलेक्झांड्रा शाळेपाशी जाऊन आले. बर्फ गुडघ्यापर्यंत होता. शाळा सुटली होती, एक आजोबा नातीला न्यायला थांबले होते, तिचे बूट उलट्या पायांत होते ते बदलून देत होते. मी वरच्या मजल्याच्या खिडक्या मोजल्या. फोटो काढलेत, पण हातमोजा काढल्यावर बोटं वळेनात, त्यामुळे हललेत. उद्या ऊन असेल तर परत जाते आणि इथे टाकते.